आरसी गाडीच्या सुट्या भागांवर चालणारा छोटा लेथ : आठ महिन्यांनंतर

लंबकाच्या जुन्या घड्याळात तेल सुकतं, त्यात धूळ बसते आणि चाकाच्या दांडीचं पोलादी टोक पितळी पत्र्यातल्या भोकाला वर्षानुवर्षं एकाच बाजूनं घासत राहतं. भोक लंबगोल होतं, चाकांचे दात नीट गुंतेनासे होतात आणि घड्याळ थांबतं. मग भोक मोठं करून त्यात पितळी बुश, म्हणजे बारीक नळीसारखी कडी, ठोकायचा. माझ्या वडिलांच्या घड्याळाला असे पाच बुश लागणार होते, बाहेरून ४ मि.मी. आणि आतून जेमतेम सव्वा. एवढ्यासाठी कोणी टर्नर उभं करत नाही, म्हणून मी लेथ, म्हणजे धातूचा तुकडा फिरवत ठेवून कापायचं यंत्र, शोधायला लागले.

जुन्या बाजारात एका रविवारी टेबलावर मावेल असा लेथ मिळाला. बेड (खालचा पाया) सरळ, स्पिंडलमध्ये (फिरणाऱ्या दांड्यात) खेळ नाही, जॉब म्हणजे कापायचा तुकडा धरणारा तीन जबड्यांचा चक शाबूत, फक्त मोटर नव्हती. भाचा हॉस्टेलवर जाताना त्याची आरसी, म्हणजे रिमोटवर चालणारी खेळातली गाडी माझ्या माळ्यावर ठेवून गेला होता. फोनवर लेथचं सांगितलं तर म्हणाला, "मावशी, गाडीच उघड की! मोटर, ईएससी, बॅटरी, बेअरिंग, सगळं आहे त्यात." ईएससी म्हणजे मोटरचा वेग कमी-जास्त करणारं सर्किट. तेव्हापासून आठ महिने हा लेथ त्याच भागांवर चालतोय.

मोटर साधी ५४० मापाची ब्रशवाली आहे, शाफ्ट ३.१७ मि.मी. सात-साडेसात व्होल्टला ती मोकळी फिरवली तर मिनिटाला १५,००० च्या आसपास फेरे घेते. लेथला एवढा वेग काय कामाचा? १२ मि.मी.चं माइल्ड स्टील हायस्पीडच्या टूलनं कापायचं तर साडेसहाशे-सातशे फेरे पुरतात, आणि हवा असतो तो जोर. त्यामुळे या सगळ्या खटाटोपातली खरी मेहनत वेग उतरवण्यात आहे, बाकी जोडाजोडी एका संध्याकाळी होते.

सुरुवातीला गाडीतलेच पिनियन (छोटं गिअर) आणि मोठं गिअर लावलं. चाललं, पण आवाज इतका कर्कश की दुपारी लेथ लावायची सोय राहिली नाही. खालच्या मजल्यावरच्या काकू एकदा वर येऊन बघून गेल्या. मग पट्ट्याकडे वळले. थ्रीडी प्रिंटरसाठी मिळतात त्या जीटी२ पुली (दातेरी पट्ट्याच्या) ५ मि.मी. भोकाच्या असतात, आणि आरसी गाडीतली ५ बाय ११ ची बेअरिंगही ५ मि.मी.च्याच शाफ्टवर बसतात. त्या दोन बेअरिंगवर मधला शाफ्ट उभा केला. मोटरवर २० दाती, मधल्या शाफ्टवर ६० दाती, म्हणजे तिप्पट उतार. पुढे लेथच्या मूळ खाचेच्या पुलीवर गोल पट्ट्यानं आणखी तिप्पट. आता मोकळा स्पिंडल टॅकोमीटरवर साधारण १,५५० दाखवतो. मोटरच्या बारीक शाफ्टवर ५ मि.मी.ची पुली बसवायला पितळी स्लीव्ह लागली. तिला एका बाजूनं उभी चीर दिली, म्हणजे पुलीतला ग्रब स्क्रू (बिनडोक्याचा स्क्रू) आवळला की ती शाफ्टला घट्ट धरते. गिअर काढण्याआधी या लेथवर केलेला तो पहिला जॉब.

मधला शाफ्ट कोणीही वगळू नये. मी पहिल्यांदा घाईनं मोटरवरून थेट स्पिंडलला ताणून पट्टा लावला होता. या मोटरला पुढे बेअरिंग नसतं, साधा बुश असतो. तीन महिन्यांत तो इतका झिजला की शाफ्ट बोटानं हलायला लागला. ती मोटर गेलीच.

गोल पट्टा आधी शिलाईच्या पायमशीनचा चामडी लावला होता. स्वस्त आणि कुठेही मिळतो. पण त्याची तारेची क्लिप छोट्या पुलीवरून जाताना दर फेऱ्याला टक्‌ करते, आणि तो टक्‌ पितळेच्या पृष्ठभागावर बारीक पट्ट्यांसारखा उमटतो. शिवाय जूनच्या शेवटी हवा ओलसर झाली तशी चामडं सैलावलं. आता हिरवा पॉलियुरेथेनचा पट्टा आहे. त्याची टोकं तापलेल्या सुरीवर टेकवून जोडायची आणि सांधा तासून घ्यायचा. टूल जॉबमध्ये घुसलं तर हा पट्टा घसरतो, मोटर जळत नाही. मला तो घसरलेलाच आवडतो.

वेगासाठी रिमोटची गरज नाही. पुण्यातल्या तपकीर गल्लीत सर्व्हो टेस्टर मिळतो, म्हणजे रिमोटसारखेच सिग्नल देणारी नॉबची डबी, तो ईएससीला जोडायचा. १.५ मिलिसेकंदांची पल्स म्हणजे न्यूट्रल आणि २ म्हणजे पूर्ण वेग, त्यामुळे नॉबचा उजवा अर्धाच भाग कामाचा. डावा अर्धा म्हणजे ब्रेक, आणि त्यानं मला घाबरवलं.

फेब्रुवारीतली गोष्ट. पितळी सळीचं फेसिंग (टोक सपाट करणं) झालं, नॉब झटक्यात मागे फिरवला आणि तो न्यूट्रलच्या पलीकडे गेला. ईएससीनं मोटर जागच्या जागी थांबवली. पण या लेथचा चक स्पिंडलवर आट्यांनी बसतो. स्पिंडल थांबला, जड चक फिरतच राहिला, आटे सुटले आणि तो बेडवर आदळून टेबलाखाली गेला. माझा हात तेव्हा टूलपोस्टवर (टूल धरणाऱ्या खांबावर) होता, म्हणून वाचला. त्याच दिवशी ईएससी फक्त पुढे आणि ब्रेक या मोडवर टाकली, म्हणजे रिव्हर्स बंद. ब्रेकचा जोर शून्य केला आणि नॉब मध्याच्या डावीकडे जाऊ नये म्हणून पॅनेलवर एक स्क्रू ठोकला. चक आट्यांचा असेल तर मोटर लावायच्या आधी हे करा.

ईएससीची एक सवय मात्र लेथला फार उपयोगी आहे. नॉब न्यूट्रलला नसेल तर ती बॅटरी जोडल्यावर सुरूच होत नाही. नॉब चुकून पुढे राहिला असला तरी चक अचानक फिरत नाही.

भाच्याची ब्रशलेस मोटरही महिनाभर लावून पाहिली, ३,३०० केव्हीची (म्हणजे दर व्होल्टला मिनिटाला ३,३०० फेरे), सेन्सर नसलेली. वेगात छान. पण अशा मोटरचा रोटर नेमका कुठे आहे ते ईएससीला उलट तयार होणाऱ्या व्होल्टेजवरून कळतं, आणि हळू फिरताना ते जवळजवळ नसतंच. त्यामुळे टूल लागलेलं असताना सुरू केली की ती थरथरत अडते. बुशच्या कामात हळू सुरुवात हवीच, म्हणून ब्रशवाली परत आली.

ब्रशवालीला सांभाळावं लागतं. तिच्या डब्याला वाऱ्यासाठी खिडक्या असतात आणि आत चुंबक. स्टीलचा किस तिकडे खेचला जातो. कापड गुंडाळलं तर ती तापते, म्हणून चक आणि मोटरच्या मध्ये बिस्किटांच्या डब्याचा पत्रा उभा केलाय. हळू वेगात मोठा कट घेतला तरी तापते. पितळेवर पाव मि.मी. बिनधास्त, स्टीलवर त्याच्या निम्म्याहून कमी, आणि पंधरा मिनिटांनी हात लावून बघणं. ठिणग्यांमुळे शेजारचा रेडिओ खरखरायचा, तो मोटरवर १०४ चे तीन कपॅसिटर लावल्यावर शांत झाला.

बॅटरी टू-एस लिपो (दोन सेलची लिथियम पॉलिमर), ५,००० एमएएच. बारीक कामाला तीन-चार अँपिअर जातात, तास-सव्वा तास निघतो. गुरुवारी दुरुस्तीसाठी वीज गेली तरी काम अडत नाही. चार्जिंग मात्र मी समोर बसूनच करते, आणि काम नसेल तेव्हा बॅटरी दर सेलला ३.८ व्होल्टवर ठेवते.

आटे पाडणं या लेथवर जमत नाही, तेवढ्या हळू वेगात जोर उरत नाही. ते मी चक हातानं फिरवून डायनं करते. पाचपैकी चार बुश बसलेत. पाचवा मधल्या चाकाचा, त्याचं भोक सगळ्यात जास्त झिजलंय. त्याची सळी आत्ता चकमध्ये आहे.