बटाट्याचा जनुकनकाशा: एका जोडीची लेकरं की शेकडो वाणांचा गोतावळा?

सोलापूरच्या मार्केट यार्डात तोरा कांद्याचा. बटाटा आपला गुमान पडून. गुणसूत्रांच्या हिशेबात मात्र कांदाच साधा: 16, म्हणजे आठांच्या दोन-दोन प्रती. लागवडीच्या बटाट्यात 48, म्हणजे बाराच्या चार-चार प्रती. म्हणून उत्पादन, कंदाचा आकार, डोळ्यांची खोली ठरवणारी जनुकं शोधणं किचकट.

पहिली वाट संकराची. दोन झाडांचा संकर करायचा, शे-दोनशे रोपं वाढवायची, कंद मोजायचे आणि कोणती डीएनए-खूण कोणत्या गुणासोबत उतरते ते पाहायचं. कंद गोल की लांबट, हे ठरवणारी दहाव्या गुणसूत्रावरची जागा अशीच सापडली, गोलपणा वरचढ. खोट ही, की आईबापांत जे नाही ते दिसतच नाही, आणि पत्ता मोघम मिळतो. गल्ली कळते, घर नाही.

दुसरी वाट शेकडो जुनेनवे वाण जमवून तपासण्याची. पिढ्यानपिढ्यांच्या सरमिसळीमुळे पत्ता नेमका लागतो. पण नातलग वाण फसवतात (भावकीत सगळ्यांची नाकं सारखी, म्हणून नाकाचा संबंध सातबाऱ्याशी लावाल!). दुर्मीळ जनुकंही निसटतात.

उत्पादनाचं कोडं दोन्हीकडे छळतं. पाचव्या गुणसूत्रावरचं एक जनुक पीक लवकर की उशिरा पिकणार यावर मोठा प्रभाव टाकतं, आणि उशिराचं झाड जास्त दिवस कंद भरतं. त्यामुळे ‘उत्पादनाची’ म्हणून मिरवलेली खूण कधी निव्वळ कालावधीची निघते. सोलापूरची थंडी तोकडी; इथल्यासाठी वाण निवडायचा तर माझा कल आधी संकराकडे, तोही लवकर येणाऱ्या जोडीच्या.