वेगमर्यादा दाखवणारी गाडी: कॅमेरा, नकाशा की दोन्ही?

गाडीच्या ब्रोशरमध्ये ‘ट्रॅफिक साइन रेकग्निशन’ एवढंच छापलेलं असतं. प्रत्यक्षात मीटरवर दिसणारा वेगमर्यादेचा आकडा तीन वाटांनी येऊ शकतो. आरशामागचा कॅमेरा पाटी वाचतो, नाहीतर नेव्हिगेशनच्या नकाशात भरलेली मर्यादा दिसते, किंवा दोन्ही ताडून एक आकडा ठरतो. तिन्हींच्या चुका निरनिराळ्या असतात. म्हणून शोरूममध्ये ‘पाट्या वाचते का?’ एवढंच विचारून थांबू नका. ‘चुकीची वाचली तर गाडी काय करते?’ हे जास्त महत्त्वाचं आहे.

आधी एक गैरसमज दूर करू. ८० च्या पुढे मिनिटाला एकदा आणि १२० च्या पुढे सतत वाजणारा बीप म्हणजे ही सोय नव्हे. तो एआयएस-१४५ या भारतीय वाहन-नियमानुसार १ जुलै २०१९ पासून सगळ्या नव्या गाड्यांना सक्तीचा आहे. तुम्ही शाळेसमोर आहात की समृद्धीवर, हे त्याला कळत नाही.

नुसता कॅमेरा

याचा मोठा गुण म्हणजे तो आत्ता रस्त्यावर जे आहे ते वाचतो. कालच लावलेली कामाच्या जागेची ३० ची पाटी त्याला दिसते, नकाशाला दिसत नाही. मुंबईच्या सागरी किनारा मार्गावर सरळ भागात ८०, बोगद्यात ६० आणि वळणांवर ४० अशी मर्यादा आहे. बोगद्यात जीपीएस मिळत नाही, पाटी मात्र वाचता येते.

अडचणी आपल्याकडे भरपूर आहेत. कॅमेरा शोधतो लाल कड्याचं पांढरं वर्तुळ आणि आत काळा आकडा. ‘वेगमर्यादा ४० कि.मी.’ अशी मराठीत रंगवलेली चौकोनी पाटी त्याच्या लेखी नसतेच. उलट स्कूलबसच्या किंवा ट्रकच्या मागे रंगवलेलं ‘४०’ चं वर्तुळ तो इमानदारीत वाचतो आणि तुम्हाला दाखवतो. एक्सप्रेसवेवर एकाच खांबावर मोटारींसाठी १०० आणि जड वाहनांसाठी ८० असे आकडे असतात. खालचं वाहनाचं चित्र ओळखता आलं नाही, तर ८० उचलला जातो. सर्व्हिस रोडची किंवा बाहेर पडणाऱ्या रॅम्पची पाटी थोडी आपल्याकडे वळलेली असली, की तीही आपलीच वाटते.

एलईडी फलकांची तऱ्हा वेगळी. ते दिवे सलग पेटत नाहीत, सेकंदात शेकडो वेळा लुकलुकतात. डोळ्याला ते जाणवत नाही, पण कॅमेऱ्याचं एक्स्पोजर (चित्र टिपायचा वेळ) अगदी थोडं असेल तर त्या क्षणी आकड्याचा अर्धा भाग विझलेला सापडतो. आकडा फसवता येतो हेही सिद्ध झालंय: २०२० मध्ये मॅकॅफी या सायबरसुरक्षा कंपनीच्या संशोधकांनी ३५ मैलांच्या पाटीवरच्या ३ ची मधली रेघ काळ्या टेपने जराशी वाढवली आणि २०१६ च्या टेस्लाने ती ८५ वाचली. आपल्याकडे हे काम चिखल, गंज आणि निवडणुकीची पोस्टरं आपसूक करतात.

आणखी एक त्रास म्हणजे मर्यादा संपते कुठे. पाटी सुरू होताना असते, संपल्याची बहुधा नसते. मग काही अंतर गेल्यावर किंवा वळण घेतल्यावर गाडी आपल्या हिशोबाने आकडा पुसते. गावाबाहेर चार किलोमीटर आलात तरी ४० दिसत राहतो तो यामुळेच.

नुसता नकाशा

पाऊस, धुकं, समोरच्या ट्रकने झाकलेली पाटी, यांचा इथे फरक पडत नाही. पाटी नसलेल्या रस्त्यावरही आकडा दिसतो. पण तो नकाशा भरला त्या दिवसाचा असतो. वेल्समध्ये १७ सप्टेंबर २०२३ ला वस्तीतल्या रस्त्यांची मर्यादा ३० वरून २० मैल झाली, आयर्लंडमध्ये ७ फेब्रुवारी २०२५ ला ग्रामीण स्थानिक रस्त्यांची ८० वरून ६० किलोमीटर झाली. तिथे राहणाऱ्यांनी जुनी गाडी घेताना नकाशाची तारीख आणि अपडेट फुकट मिळतं का हे आधी बघावं. दुसरी खोट उंचीची: उड्डाणपुलावर आहात की खाली, हे जीपीएसला नीट उमगत नाही.

दोन्ही मिळून

युरोपीय संघात ७ जुलै २०२४ पासून विकल्या जाणाऱ्या प्रत्येक नव्या मोटारीत वेगमर्यादेचा इशारा सक्तीचा आहे. चालक तो बंद करू शकतो, पण गाडी पुन्हा सुरू केली की तो परत चालू. चाचणीत एकूण अंतराच्या ९० टक्क्यांहून जास्त भागात आकडा बरोबर यावा लागतो. म्हणजे नियमानेच दहातला जवळजवळ एक किलोमीटर चुकीला सोडला आहे. तिथे घेत असाल तर दोन्ही असलेलीच गाडी घ्या, कारण गावाच्या नावाच्या पाटीपासून लागू होणाऱ्या अलिखित मर्यादा नुसत्या कॅमेऱ्याला सहज सापडत नाहीत.

महाराष्ट्रात चालवायची असेल, तर केवळ या सोयीसाठी वरचं व्हेरिएंट घेऊ नका. एक्सयूव्ही ७००, हॅरिअर यांसारख्या गाड्यांत ती बाकीच्या एडासबरोबर (चालकाला मदत करणाऱ्या यंत्रणांबरोबर) येते, तेवढी पुरे.

आकडा दिसल्यावर गाडी काय करते

नुसता दाखवते, बीप देते, ‘क्रूझ कंट्रोलचा (आपोआप राखला जाणारा) वेग हा ठेवू का?’ विचारते, की स्वतःच वेग बदलते? शेवटचा प्रकार आपल्या रस्त्यांवर धोक्याचा आहे. शंभरने जाताना रॅम्पचं ४० वाचून गाडी एकदम मंदावली, तर मागच्या कंटेनरला थांबायला जागा नसते. बटण दाबून होकार घेणारी पद्धत निवडा आणि आपोआप बदल सेटिंगमध्ये बंद करता येतो का, ते विक्रेत्याकडून स्क्रीनवर दाखवून घ्या.

टेस्ट ड्राइव्ह शोरूमभोवतीच्या चक्करवर संपवू नका. पंधरा-वीस किलोमीटर जा, शक्यतो एकदा अंधार पडल्यावर. शेजारी बसलेल्याने प्रत्येक पाटीपुढे तीनच खुणा करायच्या: वाचली, हुकली, चुकली. ‘हुकली’ चालेल, ‘चुकली’ नको. मीटर सहसा खऱ्यापेक्षा थोडा जास्तच वेग दाखवतो, त्यामुळे बीप मर्यादेच्या पाच-सात खाली लावायची गरज नसते.

ताब्यात आल्यावर आरशामागच्या कॅमेऱ्यासमोर फास्टॅग चिकटवू देऊ नका. डॅशबोर्डवरच्या चकचकीत मूर्तीचं प्रतिबिंब त्याच जागी काचेत पडतं का, तेही भर उन्हात एकदा बघा. पुढची काच बदलावी लागली तर कॅमेऱ्याचं कॅलिब्रेशन, म्हणजे त्याची नजर नीट जुळवणं, पुन्हा करावं लागतं. विम्याच्या एस्टिमेटमध्ये काच आणि मजुरीच्या खाली त्याची वेगळी ओळ आहे ना, हे सही करण्यापूर्वी तपासा.