‘५२ सीसी, विमानासाठी तयार’: ग्रासकटरच्या इंजिनात माझी झालेली फसवणूक

मॉडेल विमानासाठी घेतलेल्या फिरत्या इंजिनावरून २२ इंची लाकडी पंखा सुटला, आठ-नऊ हातांवरच्या चिऱ्याच्या गडग्यावर (कुंपणाच्या दगडी भिंतीवर) आदळला आणि त्याचा एक तुकडा वर आंब्याच्या फांदीत रुतून बसला. माझी मुलगी तेव्हा इंजिनाच्या मागे, माझ्या शेजारी उभी होती. दोनच मिनिटांपूर्वी ती समोर उभी राहून मोबाइलवर शूटिंग करत होती आणि मी तिला मागे बोलावलं होतं. ती दोन मिनिटं डोक्यातून जात नाहीत, म्हणून हे सगळं तपशीलवार लिहितोय. विकणाऱ्याचं नाव देत नाही, प्रकरण ग्राहक आयोगात आहे. त्याने काय काय केलं ते मात्र सांगतो.

मी कुडाळचा. मोटार वायंडिंगचं दुकान आहे. कॉलेजात एनसीसीच्या हवाई शाखेत होतो, तिथे मॉडेल विमानांचं वेड लागलं ते आजतागायत आहे. आता मुलगी इंजिनीअरिंगला आहे आणि तिलाही तेच वेड. गेल्या पावसाळ्याआधी आम्ही दोघांनी मिळून मोठं विमान करायला घेतलं. बालसा आणि प्लायवूडचं, तीन मीटरच्या आसपास पंखांचं. रंगकाम सोडलं तर सगळं तयार होतं. इंजिन तेवढं राहिलं होतं.

एवढ्या आकाराला ग्लो इंजिन परवडत नाही. त्याला मिथेनॉल, ऑइल आणि नायट्रोमिथेन यांचं मिश्रण लागतं. ते महाग आणि ज्वलनशील म्हणून कुरिअरनेही सहज येत नाही. त्यापेक्षा पेट्रोल बरं, पंपावर मिळतं, लिटरला ४० मिली टू-स्ट्रोक ऑइल घातलं की काम झालं. म्हणून जगभरचे हौशी लोक कित्येक वर्षांपासून गवत कापायच्या आणि लाकूड कापायच्या मशीनची इंजिनं विमानाला लावत आले आहेत. अमेरिकेत होमलाइट आणि रयोबीची लहान इंजिनं लोकांनी अशीच बदलून घेतली. जपानच्या झेनोआची इंजिनं तर याच कामासाठी नावाजली. आपल्याकडे कोकणात काजू-आंब्याच्या बागांमुळे गावागावात ग्रासकटर आहेत, म्हणजे इंजिनांना तोटा नाही. क्लच काढायचा, दोरीचा स्टार्टर काढायचा, जड फ्लायव्हील हलकं करायचं किंवा काढून टाकून इलेक्ट्रॉनिक इग्निशन बसवायचं आणि पुढे पंख्यासाठी हब, म्हणजे पंखा क्रँकच्या टोकावर धरून ठेवणारा तुकडा, करायचा. कार्ब्युरेटर तोच चालतो. त्यातला पडद्याचा पंप क्रँककेसच्या दाबावर चालतो, त्यामुळे विमान कसंही वळलं तरी पेट्रोल येत राहतं.

हे सगळं मला माहीत होतं, पण माझ्याकडे लेथ नाही. दिवाळीच्या सुट्टीत मुलगी घरी येणार होती आणि तेव्हा सड्यावर (उघड्या कातळाच्या माळावर) विमान उडवायचं आम्ही ठरवलं होतं. तेवढ्यात ओळखीतल्या एकाने जाहिरात पाठवली. ‘५२ सीसी, सीडीआय इग्निशनसह, वजन १ किलो ९०० ग्रॅम, विमानासाठी पूर्ण तयार, २२ बाय ८ पंख्यावर ७२०० आरपीएम.’ सीडीआय म्हणजे इलेक्ट्रॉनिक इग्निशन, २२ बाय ८ म्हणजे २२ इंच लांब आणि फेरीला ८ इंच पुढे सरकेल अशा पिळाचा पंखा, ७२०० आरपीएम म्हणजे मिनिटाला तेवढ्या फेऱ्या. किंमत साडेअठरा हजार. खास विमानासाठी बनवलेलं त्या ताकदीचं इंजिन याच्या कितीतरी पट महाग पडतं.

फोनवर माणूस अगदी जाणकार वाटला. ‘दादा, आपण शौकीन माणसं, पैशासाठी नाही करत मी हे,’ असं दोनदा म्हणाला. इग्निशनच्या टायमिंगवर पंधरा मिनिटं बोलला आणि सगळं बरोबर बोलला. आता कळतं, की अशा माणसापासून जास्त धोका असतो. विषयातलं काही न कळणारा माणूस पहिल्या दोन प्रश्नांत उघडा पडतो, हा पडत नाही. त्याने इंजिन चालतानाचा व्हिडिओ पाठवला. आवाज गोड, धूर कमी, पंख्यासमोर धरलेल्या टॅकोमीटरवर (फेऱ्या मोजायच्या यंत्रावर) ७२०० चा आकडा. मी यूपीआयने आधी ९००० भरले, माल निघाल्याची पावती आल्यावर उरलेले साडेनऊ हजार. बिल मागितलं, तर ‘पार्सलमध्ये टाकतो’ म्हणाला. पार्सलमध्ये बिल नव्हतं.

खोकं उघडलं तेव्हाच वजन हाताला लागलं. काट्यावर २ किलो ६४० ग्रॅम भरलं. फ्लायव्हील तसंच होतं, वर नुसता काळा रंग. सीडीआयचा सेन्सर क्रँककेसला स्क्रूने बसवलेला नव्हता, डिंकाने चिकटवला होता. सेन्सर मिलिमीटरभर हलला की टायमिंग बदलतं आणि इंजिन उलटी लाथ मारतं. मी फोन केला. ‘चाचणीपुरतं केलंय दादा, घट्ट आहे,’ असं उत्तर मिळालं. पंखा हाताने फिरवून पाहिला तर कॉम्प्रेशन छान लागत होतं. मी तेवढ्यावर समाधान मानलं.

जुना लाकडी पाट आंब्याच्या बुंध्याला दोरखंडाने आवळून त्यावर इंजिन बसवलं. चामड्याचा हातमोजा घातला होता, तरी पहिल्या झटक्याला पंख्याने बोटं झणझणवली. मग लाकडी दांड्याने फिरवून सुरू केलं. पहिली पाच मिनिटं निळ्या धुराचा लोट. तो ओसरला तसं इंजिन मलूल होत गेलं. माझा टॅकोमीटर पूर्ण थ्रॉटलला ४९०० च्या वर जाईना. आमच्या विमानाला निदान साडेसहा हजार हवे होते. कार्ब्युरेटरचे स्क्रू फिरवून तिसऱ्यांदा पूर्ण थ्रॉटल दिला आणि पंखा हबसकट निघून गेला. भार गेल्यामुळे इंजिन किंचाळत सुटलं. मुलीने बॅटरीचा स्विच बंद केला, माझे हात तेव्हा थिजले होते.

दुसऱ्या दिवशी ते घेऊन मी बाजारपेठेतल्या ग्रासकटर दुरुस्त करणाऱ्या मेस्त्रींकडे गेलो. विमानाशी त्यांचा काही संबंध नाही, पण हंगामात शेकडो मशीनं त्यांच्या हाताखालून जातात. त्यांनी सायलेन्सरचे दोन बोल्ट काढले, भोकातून टॉर्च मारली आणि म्हणाले, ‘ह्यां सीज झालेलां मशीन आसा. नुसतां पेट्रोल घालून चलवलेलां.’ सीज म्हणजे पिस्टन सिलिंडरला चिकटून जाम झालेलं. या सगळ्याला एक मिनिटही लागलं नाही. पिस्टनच्या सायलेन्सरकडच्या अंगाला उभ्या चरांची रांग होती. तीच बाजू सर्वात तापते, ऑइल नसलं की आधी तिथेच धातू धातूला चिकटतो. त्यावर कोणीतरी पॉलिश पेपर मारून चकचकीत केलेलं होतं. रिंग खाचेत अडकलेली. मग कॉम्प्रेशन कसं लागत होतं, असं मी विचारलं, तेव्हा त्यांनी प्लगच्या भोकाकडे बोट दाखवलं. तिथून दाट ऑइल ओतलं की ते रिंगभोवती बसतं आणि थोडा वेळ इंजिन नव्यासारखं लागतं. पहिला निळा धूर त्याचाच होता.

सिलिंडर काढल्यावर व्हर्नियर लावलं. बोअर (सिलिंडरच्या भोकाचा व्यास) ४० मिमी, स्ट्रोक (पिस्टनची वर-खाली धाव) ३४ मिमी. गणित केलं तर ४२.७ सीसी, म्हणजे बाजारात ज्याला ४३ सीसी म्हणतात ते. खरं ५२ सीसी असतं तर स्ट्रोक हाच, पण बोअर ४४ मिमी असता. ही दोन इंजिनं बाहेरून जवळजवळ सारखी दिसतात, स्टिकर बदललं की काम झालं. काही इंजिनांवर कोड छापलेला असतो. त्यात १ई नंतरचा आकडा बोअरचा, १ई४०एफ म्हणजे ४० मिमी आणि १ई४४एफ म्हणजे ४४. माझ्या इंजिनावर कोडाच्या जागी घासल्याची खूण होती.

हब पाहून मात्र मेस्त्रीसुद्धा गप्प झाले. क्रँकचं टोक निमुळतं असतं, त्यावर बसणाऱ्या भागाचं भोकही त्याच कोनात निमुळतं हवं, तरच दोन्ही पृष्ठभाग पूर्ण भिडून एकमेकांना धरतात. आमच्या हबचं भोक सरळ होतं. अ‍ॅल्युमिनियमचा तुकडा, मधून सरळ ड्रिल, वर एक नट. म्हणजे हब एका कड्याएवढ्या कडेवर टेकलेला होता. एका सिलिंडरचं इंजिन प्रत्येक फेरीला एक धक्का देतं आणि जड पंखा आपला सारख्याच वेगाने फिरू पाहतो. ही ओढाताण मिनिटाला पाच हजार वेळा त्या कडेवर चालली होती. ती झिजली आणि नट सैल झाला. लेथवाले निमुळत्या भोकाला निळा रंग लावून बघतात, रंग सगळीकडे उमटला तरच काम पास. हा हब करणाऱ्याला ते माहीत नसेल, असं मला वाटत नाही. जुनं इंजिन नवं म्हणून विकणं ही लबाडी झाली. पण असा हब कुणाच्या तरी मुलासमोर फिरणार हे ठाऊक असून पार्सल बंद करणं याला माझ्याकडे शब्द नाही.

राहिला व्हिडिओ. तो मी तीस-चाळीस वेळा थांबवून पाहिला. त्यातल्या सिलिंडरवरच्या, इंजिन थंड ठेवणाऱ्या पाकळ्यांपैकी वरच्या पाकळीचा एक कोपरा तुटलेला आहे, माझ्या इंजिनाच्या सगळ्या पाकळ्या धड आहेत. म्हणजे इंजिन वेगळंच. आणि ७२०० चं गुपित मुलीने शोधलं. व्हिडिओतला पंखा तीन पात्यांचा आहे आणि टॅकोमीटरच्या कोपऱ्यात पात्यांची संख्या २ दिसते. टॅकोमीटर पातं समोरून गेल्याचं मोजतो आणि त्याला सांगितलेल्या संख्येने भागतो. तीन पाती असून दोन सांगितली की आकडा दीडपट येतो. खरे ४८०० असले की ७२०० दिसतात. माझा रोजचा धंदा फिरत्या मोटारींचा, तरी तो कोपरा मी पाहिला नव्हता.

ज्यांना मोबाइलवरचा आकडा पटत नसेल त्यांनी विकणाऱ्याला आधी टॅकोमीटर जुन्या चोकवाल्या ट्यूबलाइटसमोर धरायला सांगावं. आपली वीज ५० हर्ट्झची, ट्यूब सेकंदाला १०० वेळा लुकलुकते, दोन पात्यांच्या सेटिंगवर ३००० दिसलं पाहिजे. मग त्याच व्हिडिओत, मध्ये न तोडता, पंख्याची पाती मोजून इंजिन सुरू करावं. इंजिन दहा मिनिटं चालवून गरम झाल्यावर बंद करावं, सायलेन्सर काढून पिस्टन दाखवावा. गरम इंजिनात ओतलेल्या ऑइलची मदत टिकत नाही. हब काढून त्याचं भोक दाखवायला लावा. यातलं एकही अवघड नाही. प्रामाणिक माणूस अर्ध्या तासात करून पाठवेल. ‘वेळ नाही’, ‘विश्वास नाही का’ असं ऐकू आलं तर पैसे पाठवू नका.

माझ्या फोटोंवर विक्रेत्याचं एकच उत्तर आलं, ‘तुम्ही चुकीचं चालवलंत.’ त्यानंतर मला ब्लॉक केलं. १९३० या सायबर फसवणुकीच्या क्रमांकावर मी अकराव्या दिवशी तक्रार केली, हा उशीर फार झाला. तिथे पहिल्या काही तासांत फोन गेला तर पैसे खात्यात अडवता येण्याची शक्यता असते. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. नंतर जिल्हा आयोगाकडे गेलो. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे आपण राहतो त्याच जिल्ह्यात तक्रार करता येते, ५ लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही आणि मुदत दोन वर्षांची आहे. माझी अडचण पत्त्याची झाली. पावतीवर पाठवणाऱ्याचा पत्ता म्हणून कुरिअरच्या काउंटरचाच पत्ता होता. यूपीआयच्या व्यवहारावरून नाव मिळालं, त्यावर नोटीस गेली आहे. पैसे देण्याआधी बिल आणि पूर्ण पत्ता मागून घेतला असता तर इथे दोन महिने गेले नसते.

तो व्हिडिओ अजून फिरतोय. गेल्याच आठवड्यात साताऱ्याच्या एका विद्यार्थ्याने मला तो पाठवून ‘काका, घेऊ का?’ असं विचारलं. ओळखायची खूण सांगून ठेवतो. तीन पात्यांचा काळा पंखा, मागे निळी ताडपत्री, सिलिंडरच्या वरच्या पाकळीचा तुटलेला कोपरा. कुणाला तो आला असेल किंवा कुणी ते इंजिन घेऊन बसलं असेल तर आधी पंखा उतरवा. ते सुरू करू नका. संभाषण आणि व्हिडिओ पुसू नका, हब आणि पिस्टन आहे तसे पिशवीत घालून ठेवा. आमचा पिस्टन सध्या फाइलसोबत बांधलेला आहे, त्यावरचे पॉलिश पेपरचे ओरखडे पुसू नका असं वकिलांनी बजावलंय.