यूएसबी टर्नटेबलवर आठ महिने : वडिलांच्या तबकड्या लॅपटॉपवर घेताना

पहिली रेकॉर्ड उतरवली ती गणपतीच्या आदल्या आठवड्यात. माणिक वर्मांची एलपी, एक बाजू, वीसेक मिनिटं. रात्री हेडफोन लावून ऐकतो तर गाण्यात कुकरच्या तीन शिट्ट्या आणि मागून स्पष्ट "अहो, कुरिअरवाला आलाय!" टर्नटेबल एकीकडे स्पीकरला आणि दुसरीकडे यूएसबीने लॅपटॉपला जोडलेलं होतं, पण ऑडॅसिटीने (आवाज रेकॉर्ड करून कापाकापी करायचं सॉफ्टवेअर) आवाज उचलला लॅपटॉपच्याच माइकमधून. नवं यंत्र घेणाऱ्याने आधी तेवढं बघावं : आवाज कुठून घ्यायचा त्या यादीत 'यूएसबी ऑडिओ कोडेक' असं काहीतरी दिसतं, ते निवडायचं आणि चॅनल दोन (डावा आणि उजवा) ठेवायचे. बऱ्याच लॅपटॉपना हे यंत्र म्हणजे एक माइकच वाटतो, त्यामुळे एकच चॅनल घेतला जातो. माझ्या पुढच्या चार बाजू अशाच वाया गेल्या.

आमच्याकडे वडिलांच्या १६० तबकड्या. सांगलीत २०१९च्या पुरात कपाटाचा खालचा खण पाण्यात गेला. रेकॉर्डी धुऊन निघाल्या, कव्हरांचा मात्र लगदा झाला. म्हणून हा खटाटोप. बेल्टवर चालणारं, मिनिटाला ३३ आणि ४५ फेरे अशा दोनच वेगांचं यंत्र घेतलं. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही. या घाटाची यंत्रं एकमेकांची भावंडंच असतात.

जोडणी सोपी आहे. सुईकडून येणारा क्षीण आवाज वाढवणारा फोनो प्रीअँप आतच असतो, वेगळा अँप्लिफायर लागत नाही. आवाजाची पातळी मोठ्यात मोठ्या तानेलाही उणे ६ डेसिबलच्या वर जाऊ दिली नाही की पुरे. चार्जर लावलेला असताना माझ्याकडे एक बारीक घुंई यायची, ती चार्जर काढल्यावर गेली. आता लॅपटॉप बॅटरीवर ठेवूनच रेकॉर्ड लावतो. एका बाजूची वेव्ह फाइल २०० एमबीच्या आसपास होते, जपून ठेवायला ती फ्लॅक करतो, म्हणजे आवाज न बिघडवता लहान केलेली फाइल.

यंत्राचा खरा दोष वेगात निघाला, आणि तो पकडला मुलीने. ती पेटी घेऊन साथीला बसली आणि म्हणाली, "बाबा, हे पट्टीत नाहीये." मी म्हटलं, गायकाने त्या दिवशी तानपुरा कुठे लावला असेल कोणास ठाऊक, तुझ्या पेटीला विचारून थोडाच लावलाय! पण मग एकामागून एक सगळ्याच रेकॉर्डी चढ्या लागायला लागल्या. तेव्हा रेकॉर्डच्या कडेला कागदाचा कपटा चिकटवला आणि मोबाइलचं घड्याळ लावून फेरे मोजले. ३३⅓ म्हणजे तीन मिनिटांत बरोबर १०० फेरे. माझे भरले साडेएकशेएक. दीड टक्का जास्त, म्हणजे पेटीवरच्या दोन शेजारच्या पट्ट्यांमधलं साधारण पाव अंतर. नुसतं ऐकताना कळत नाही, साथ करताना लगेच टोचतं. दुकानदाराचं उत्तर, "एवढा फरक चालतोच." आता प्रत्येक बाजू ऑडॅसिटीत दीड टक्का हळू करतो. जमतं, पण पैसे मोजून घेतलेल्या यंत्रासाठी हे का करायचं, हा प्रश्न उरतोच.

सगळ्यात जास्त वेळ खाल्ला तो खरखर काढण्याच्या नादाने. इंटरनेटवरचे सल्ले असे, की जिथे नुसती खरखर आहे असा तुकडा दाखवा, संगणक तसला आवाज सगळीकडून काढून टाकतो. आपल्या गाण्यात असा तुकडा असतो कुठे? गायक थांबला तरी तानपुरा थांबत नाही. मी आलापामधली एक 'शांत' जागा निवडली. ऐकलं तर आवाज चकचकीत आणि मागे भकास पोकळी. जवारीच, म्हणजे तानपुऱ्याच्या तारांचा तो गुंजारव, गेलेली. संगणकाच्या लेखी तानपुरा हाही एक सतत चालणारा आवाजच, त्याने इमानेइतबारे पुसून टाकला. तेव्हापासून नमुना घेतो तो सुई टेकल्यापासून तानपुरा सुरू होईपर्यंतच्या दोन-तीन सेकंदांचा, आणि कमी करतो फार तर ६ डेसिबल. टकटक काढणाऱ्या सोयीचंही तेच. जोर वाढवला की तबल्यावरचा किनारीचा 'ना' बोथट होतो, कारण संगणकाला तोही चराच वाटतो. आता मोठे फटाके तेवढे हाताने एकेक काढतो. बाकी खरखर असू दे.

रेकॉर्ड मोनो, म्हणजे डाव्या-उजव्या बाजूला एकच आवाज असलेली, असेल तर एक साधी गोष्ट या सगळ्यापेक्षा जास्त उपयोगी पडते : दोन्ही चॅनल एकत्र करून टाकायचे. मोनोत गाणं खाचेच्या आडव्या हालचालीत असतं. सुईच्या वर-खाली होण्याने येणारी घरघर दोन चॅनलमध्ये उलटसुलट पडते आणि एकत्र केल्यावर बरीचशी आपोआप कटते.

गाणी आपोआप वेगळी करण्याची सोय भावगीतांना ठीक. ख्यालाला निरुपयोगी, विलंबितातून द्रुत कधी सुरू झाला ते तिला कळत नाही.

लाखेच्या, मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या जुन्या तबकड्या बारा आहेत, त्यात बालगंधर्वांच्या तीन. त्या ४५वर वाजवून नंतर संगणकावर वेग वाढवता येतो म्हणतात, आणि येतोही. पण त्यांची खाच रुंद, एलपीची बारीक सुई तळाशी घासत जाते आणि आवाज पातळ येतो. एक करून बघितली, बाकीच्या ठेवून दिल्या. त्यांना तिप्पट-चौपट जाड टोकाची सुई आणि ७८चा वेग असलेलं यंत्र हवं. आणखी एक, रेकॉर्डी धुवायच्या द्रावणात अल्कोहोल असेल तर ते लाखेच्या तबकडीला चुकूनही लावू नका, लाख विरघळते. मी एलपीसुद्धा डिस्टिल्ड वॉटर, भांडी घासायच्या लिक्विडचा एक थेंब आणि मऊ ब्रश यावरच धुतो. पुराचा गाळ दोन धुण्यांत निघाला.

वीस मिनिटांच्या बाजूला धुणं, कापणं, नाव देणं धरून माझा सव्वा तास जातो. म्हणून सिनेमाच्या सत्तर रेकॉर्डी सोडून दिल्या. ती गाणी मोबाइलवर मिळतात, आणि मूळ टेपवरून केलेली असली तर माझ्यापेक्षा स्वच्छच. उतरवतो ते कुठे सापडत नाही तेवढंच : कीर्तनं, पोवाडे, एका नाटकाच्या प्रवेशांची रेकॉर्ड. ज्यांचं लेबल पाण्याने गेलं, त्यांचा मधल्या कोऱ्या पट्टीवर कोरलेला नंबर तिरप्या टॉर्चमध्ये वाचून फाइलच्या नावात टाकतो. नावं देवनागरीत दिली, तर गाडीतल्या प्लेअरवर सगळ्यांचे चौकोन दिसतात. असू देत.

साध्या गोल टोकाच्या सुईला ३०० ते ५०० तासांचं आयुष्य सांगतात, त्यामुळे ती अजून बदललेली नाही. सिनेमाच्या आणि लाखेच्या सोडून ५२ झाल्या, २६ उरल्या. पावसाळ्याआधी उरकायच्या आहेत, कारण नवी कव्हरं पुठ्ठ्याची आणलीत आणि आमच्या खालच्या खोलीत जुलैत पुठ्ठ्याला बुरशी येते.