छोट्या लॅपटॉपवर डेबियन: आठ महिन्यांच्या वापरानंतर

11.6 इंची स्क्रीन, 4 जीबी रॅम आणि 64 जीबी ईएमएमसी (बोर्डवरच बसवलेले स्वस्त, संथ) स्टोरेज असलेल्या माझ्या लॅपटॉपवर गेले आठ महिने डेबियन 12 ही लिनक्स प्रणाली आणि एक्सएफसीई हा हलका डेस्कटॉप चालू आहे. इन्स्टॉलेशनविषयी सांगण्यासारखे फारसे नाही. 2023 मध्ये आलेल्या या आवृत्तीपासून मुक्त नसलेले फर्मवेअरही (वायफायसारख्या हार्डवेअरला चालण्यासाठी लागणारे सॉफ्टवेअर) अधिकृत इन्स्टॉलरमध्येच मिळत असल्यामुळे वायफाय लगेच सुरू झाले. फक्त पार्टिशन करताना, म्हणजे स्टोरेजचे भाग पाडताना, 'एसडीए' म्हणजे आपलाच पेनड्राइव्ह असून लॅपटॉपचे स्टोरेज 'एमएमसीबीएलके0' या नावाने दिसते, हे वेळीच लक्षात आले ते बरे झाले.

खरा त्रास दिला तो स्लीपने. रात्री झाकण मिटून ठेवलेला लॅपटॉप सकाळी पूर्ण उतरलेला सापडे आणि पहिले दोन आठवडे मी विनाकारण बॅटरीलाच दोष देत होतो. शेवटी 'मेम_स्लीप' ही सिस्टिम फाईल उघडून पाहिली, तेव्हा तीत 'एसटूआयडल' (हलकी झोप) आणि 'डीप' (गाढ झोप) असे दोन्ही पर्याय होते, पण निवडलेला पर्याय दाखवणारा चौकटी कंस पहिल्याभोवती होता, म्हणजे मशीन गाढ झोपतच नव्हते. लॅपटॉप सुरू होताना प्रणाली लोड करणाऱ्या ग्रबच्या फाईलमध्ये कर्नलसाठी, म्हणजे प्रणालीच्या गाभ्यासाठी, 'मेम_स्लीप_डीफॉल्ट=डीप' एवढे जोडून 'अपडेट-ग्रब' चालवल्यावर रात्रभरात बॅटरी दोन-तीन टक्क्यांहून अधिक उतरेनाशी झाली.

मात्र त्यानंतर झोपेतून उठल्यावर वायफाय गायब होऊ लागले. ड्रायव्हरचे मॉड्यूल काढून पुन्हा लोड केले की ते परत येई, म्हणून झोपेच्या आधी आणि नंतर हेच काम आपोआप करणारी छोटी स्क्रिप्ट सिस्टिमडी या प्रणालीतील सेवा सांभाळणाऱ्या प्रोग्रामच्या 'सिस्टिम-स्लीप' फोल्डरमध्ये ठेवली. तिला एक्झिक्यूट परवानगी द्यायला विसरल्यामुळे अर्धा दिवस वाया गेला, तो दोष सर्वस्वी माझा.

रॅम बोर्डलाच सोल्डर केलेली असल्याने ती वाढवण्याचा प्रश्न नव्हता. ब्राउझरमध्ये दहा-बारा टॅब उघडले की स्वॅपचा (रॅममध्ये न मावणारा डेटा स्टोरेजवर ठेवण्याचा) भार संथ ईएमएमसीवर पडे आणि माऊसचा पॉइंटरसुद्धा अडखळे. रॅमच्याच एका भागात डेटा दाबून ठेवणारे झेडरॅम सुरू केल्यापासून हे अडखळणे जवळजवळ थांबले आहे, तरी व्हिडिओ कॉल चालू असताना दुसरे जड काम या मशीनला झेपत नाही आणि त्याला लिनक्सचा इलाज नाही.

768 पिक्सेल उंचीच्या स्क्रीनवर काही खिडक्यांचे 'ओके' बटण खाली लपते. ऑल्ट दाबून खिडकी वर ओढली की ते सापडते. पॅनेल मी डाव्या कडेला उभे लावले आहे. फ्लॅटपॅक या पद्धतीने ॲप घेतले की सोबत येणारी रनटाइम (सामायिक फाईल्स) काही जीबी जागा खात असल्यामुळे ती काढून शक्य ते सारे ॲप्ट या डेबियनच्या स्वतःच्या साधनानेच घेतो. झोपेची जुनी तक्रार परत तर आली नाही ना हे कळावे म्हणून, कर्नलचा अपडेट आला की त्या रात्री झाकण मिटण्यापूर्वी बॅटरीचा आकडा मात्र अजूनही लिहून ठेवतो.