हँड ब्लेंडरचे एक वर्ष: जवसाची चटणी, अंबाडीचा जॅम आणि साबण

नागपुरात सीताबर्डीवरच्या ज्या दुकानातून मी हा हँड ब्लेंडर घेतला, तिथल्या विक्रेत्याने त्यावर लस्सी करून दाखवली होती. लस्सी रवीनेही होते, त्यामुळे त्या प्रात्यक्षिकातून मला फारसे काही कळले नाही. माझ्या मनात दोन कामे होती: एरवी बाजारातून बरणीबंद येणारे पदार्थ घरी करणे, आणि आजवर लाकडी कालथ्याने घोटून केलेला साबण यंत्रावर करून पाहणे. ७०० वॅटची मोटर, स्टीलची दांडी, एक फेटणी आणि झाकणाचे लहान चॉपर भांडे असा हा संच पावणेतीन हजारांच्या आसपास मिळाला. कंपनीचे नाव मुद्दाम देत नाही, कारण पुढे लिहिलेले बरेचसे या किमतीच्या कोणत्याही हँड ब्लेंडरला लागू पडेल.

कोरड्या दळणासाठी हे यंत्र घेऊ नये, हे आधीच सांगते. चॉपरमध्ये भाजलेले जवस, लसूण, सुकी मिरची आणि मीठ घालून केलेली चटणी चांगली झाली, पण त्याचे कारण असे की जवसाची चटणी भरडच हवी असते. जवसात वजनाच्या सुमारे चाळीस टक्के तेल असल्याने यंत्र सलग चालवले की भांड्याच्या तळाशी गोळा धरतो. तीन-चार सेकंद फिरवायचे, थांबायचे, चमच्याने कडा खरवडायच्या, असे पाच-सहा वेळा केले की दाणा नेमका फुटतो. भिवापुरी मिरचीचे तिखट करण्याचा प्रयत्न मात्र साफ फसला. सालींचे तुकडे आणि अख्ख्या बिया राहिल्या, झाकण उघडताच घरभर ठसका उठला, आणि उरलेली मिरची शेवटी नेहमीच्या कांडपावर न्यावी लागली. शेंगदाण्याचे लोणी करायला यंत्र बराच वेळ सलग चालावे लागते, आणि माहितीपत्रकात एका वेळी एक मिनिटापेक्षा जास्त चालवू नका असे लिहिले आहे. मी तिसऱ्या मिनिटापर्यंत रेटले तेव्हा मोटरीतून जळका वास येऊ लागला. दोष माझा होता.

ओल्या, शिजवलेल्या पदार्थांत मात्र ही दांडी खरी कामाची ठरली. हिवाळ्यात गोकुळपेठ बाजारात अंबाडीची लाल बोंडे येतात. त्यांच्या पाकळ्या थोड्या पाण्यात मऊ शिजवून, भांडे गॅसवरून उतरवून, त्यातच दांडी बुडवून अर्धा मिनिट फिरवली आणि मग साखर घालून आटवले. अंबाडीत पेक्टिन (जॅम घट्ट करणारा फळांतला घटक) आणि आंबटपणा दोन्ही पुरेसे असल्याने वेगळे काही न घालता जॅम छान धरतो. टोमॅटोचे सॉस, चिंचेचा कोळ, आले-लसणाचे वाटण हीदेखील अशीच सरळ पातेल्यात होतात आणि गरम रस मिक्सरच्या भांड्यात ओतण्याची कसरत वाचते. दांडीचे टोक पूर्ण बुडवूनच बटण दाबावे, नाहीतर ओट्यामागची फरशी पुसत बसावे लागते.

आता साबण, ज्यासाठी मी या यंत्राला मनापासून गुण देते. तेल आणि कॉस्टिक सोड्याचे पाणी एकजीव होऊन पातळ पिठल्यासारखे दाटेपर्यंत, म्हणजे वरून सोडलेली धार पृष्ठभागावर क्षणभर रेघ धरून राहीपर्यंत, घोटत राहावे लागते. हाताने या कामाला मला तासाहून अधिक लागत असे. ब्लेंडरवर चार मिनिटे पुरली. दांडीचे टोक तिरके बुडवून आत अडकलेली हवा आधी बाहेर काढायची, मग दहा सेकंद यंत्र आणि वीस सेकंद त्याच दांडीने हाताने ढवळणे, असे आलटून पालटून करायचे. हवा राहिली तर वडी कापल्यावर इडलीसारखी जाळी दिसते.

माझे प्रमाण असे आहे: खोबरेल तेल २०० ग्रॅम, शेंगदाणा तेल २२५ ग्रॅम, एरंडेल ७५ ग्रॅम, कॉस्टिक सोडा ७३ ग्रॅम आणि पाणी १६० ग्रॅम. यात सुमारे पाच टक्के तेल साबण न होता मुद्दाम शिल्लक राहते. सगळे वजनानेच मोजायचे, वाटीने नाही. सोडा नेहमी पाण्यात टाकायचा, पाणी सोड्यावर कधीच ओतायचे नाही. हातमोजे, चष्मा आणि उघडी खिडकी यांत तडजोड करू नये. ‘सोडा नसलेला नैसर्गिक साबण’ असे कोणी विकत असेल तर त्याने सोडा वापरूनच आधी तयार झालेला साबण वितळवून ओतलेला असतो, एवढेच. नीट मोजून केलेला साबण चार ते सहा आठवडे मुरला की त्यात मोकळा सोडा उरत नाही.

दांडी स्टीलची आहे की ॲल्युमिनियमची, हे खरेदीच्या वेळीच खोक्यावर वाचावे. कॉस्टिक सोडा ॲल्युमिनियम खातो, धातू काळा पडतो आणि हायड्रोजन वायू सुटतो. विक्रेत्याला विचारले तर ‘सगळं स्टीलच आहे, ताई’ हेच उत्तर मिळते.

दोन चुका माझ्या पदरी आहेत. विदर्भातले तेल म्हणून हौसेने एका घाण्यात तीस टक्के जवसाचे तेल घातले. मे महिन्याच्या उकाड्यात दोन महिन्यांत वड्यांवर नारिंगी डाग पडले आणि खवट वास सुटला, कारण जवसाचे तेल हवेने लवकर बिघडते. दुसरी चूक म्हणजे मुरायला ठेवलेला साबण कूलरच्या झोतात ठेवला. साबणातले ग्लिसरीन ओल खेचते, त्यामुळे वड्यांना सकाळी दव पडल्यासारखा घाम आला होता. आता वड्या कोरड्या खोलीतल्या फडताळावर, एकमेकींना न टेकवता, उभ्या ठेवते. मृग बहारातल्या संत्र्यांच्या वाळवलेल्या सालींची पूड मात्र साबणात चांगली बसते, पण ती या यंत्राच्या चॉपरमध्ये जाडसर निघते आणि मलमलीतून चाळली नाही तर अंगाला ओरखडे काढते.

यंत्राच्या तक्रारी किरकोळ आहेत, पण आहेत. बटण सतत दाबून धरावे लागत असल्याने अंगठा भरून येतो, वायर ओट्याच्या टोकापर्यंत पोचत नाही आणि चॉपरच्या झाकणातल्या रबरी कडीला लागलेला लसणाचा वास वर्षभरात गेलेला नाही. साबणाची आणि स्वयंपाकाची दांडी वेगळीच हवी, यावर मी ठाम आहे. म्हणून खरेदीच्या दिवशीच दुसरी दांडी सुटी मागितली होती. ती मिळायला सेवाकेंद्रात तीन खेपा आणि साडेसहाशे रुपये लागले. तोवर साबण हातानेच घोटला.