भदोहीच्या गालिच्यावरचा लाल डाग आणि मेडिकलमधलं हायड्रोजन पेरॉक्साइड

आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या दिवसांत आमच्या अमळनेरात कूलर रात्रभर चालतो. यंदा त्याच्या टाकीला बारीक चीर गेली होती, ते कुणाच्या लक्षात आलं नाही. लेक माहेरपणाला आलेली. तिची नवी लाल बांधणीची ओढणी रात्री खुर्चीवरून घसरून गालिच्यावर पडली आणि झिरपलेलं पाणी तिच्यापर्यंत पोचलं. सकाळी ओढणी उचलली, तर गालिच्याच्या बदामी काठावर जेवणाच्या ताटाएवढा लालभडक डाग.

हा गालिचा उत्तर प्रदेशातल्या भदोहीचा, हाताने विणलेला, अस्सल लोकरीचा. आमचे हे रेल्वेत होते तेव्हा महानगरी एक्सप्रेसमध्ये बर्थखाली गुंडाळून त्यांनी तो भुसावळपर्यंत आणला आणि तिथून सुरत लाइनच्या गाडीने घरी. २६ वर्षं झाली. डाग बघून मला रडूच आलं. लेक तर माझ्यासमोर यायला तयार नव्हती.

ड्रायक्लीनवाल्याला विचारलं. तो म्हणाला, न्यायला-आणायला धरून पैसे घेईन, पण डाग जाईलच असं लिहून देणार नाही. मग घरातल्याच वस्तू एकेक करून वापरल्या, त्यांचा अनुभव लिहिते.

सगळ्यात जास्त काम केलं ते जुन्या पांढऱ्या धोतराच्या फडक्यांनी आणि गार पाण्याने. डाग ओला होता, म्हणून फडक्याची घडी ठेवून त्यावर उभी राहिले. उचलली की गुलाबी. नवी घडी, पुन्हा उभी. अशा आठ-नऊ घड्या झाल्या. घासायचं अजिबात नाही. घासलं की रंग लोकरीच्या मुळाशी जातो आणि धागाही पिंजतो. दाबायचं, तेही कडेकडून मध्याकडे, म्हणजे डाग पसरत नाही. गरम पाणी तर नकोच. रंगारी लोकर रंगवतात ती गरम पाण्यातच.

मग भांड्याचा लिक्विड साबण. कपभर गार पाण्यात पाव चमचा, बस. जास्त घातला तर तो निघता निघत नाही आणि पुढे त्याच जागी धूळ चिकटून काळं पडतं. साबणाने डाग लालचा गुलाबी झाला. पण तिथेच थांबला.

शेजारच्या काकू आल्या आणि म्हणाल्या, "लिंबू चोयी दे वं माय, निंघी जाई." आमच्याकडे कुठल्याही डागाला पहिला उपाय हाच. लिंबू नव्हतं म्हणून मी पांढरं व्हिनेगर पाण्यात मिसळून कोपऱ्यात लावलं. अर्ध्या तासाने तिथला गुलाबी जिथल्या तिथे. नंतर लक्षात आलं, लोकरीवर रंग पक्का चढावा म्हणून रंगाच्या पाण्यात आम्लच घालतात, आणि मी तेच करत होते! सुती चादरीचं मला माहीत नाही, पण लोकरीवरच्या रंगाच्या डागाला लिंबू-व्हिनेगर लावू नका, हे मी आता काकूंनाही सांगितलं आहे. सॅनिटायझरने फडक्यावर थोडासा रंग आला, नाही असं नाही, पण तेवढ्याने भागणारं नव्हतं.

शेवटी मेडिकलमधून हायड्रोजन पेरॉक्साइड आणलं. जखम धुवायला मिळतं तेच. लहान बाटली आणली, तिच्यावर ६ टक्के आणि २० व्हॉल्यूम असं छापलेलं होतं. लोकरीसाठी मी त्यात तेवढंच पाणी मिसळून ते ३ टक्क्यांवर आणलं. हे रंग पुसून काढत नाही. त्यातला ऑक्सिजन रंगालाच मोडतो, मग तो दिसेनासा होतो आणि मागे पाणी उरतं. पण ओढणीचा रंग कोणता आणि गालिच्याचा कोणता, हे त्याला कळत नाही. म्हणून आधी सोफ्याखालच्या कोपऱ्यात बदामी आणि मरून अशा दोन्ही रंगांवर थेंब टाकून तासभर वाट पाहिली. बदामीला काही झालं नाही, मरून किंचित उतरला. तेव्हाच ठरवलं, नक्षीपासून दूर राहायचं.

रबरी हातमोजे घाला. बोटांना लागलं तर कातडी पांढरी पडून झोंबते.

इथे आमच्या खान्देशी उन्हाची अडचण आली. चमच्याने थेंब थेंब सोडलं, तर पंख्याखाली ते दहा मिनिटांत वाळायचं आणि वाळलं की काम थांबायचं. मग वर प्लास्टिकची पिशवी कापून पसरली आणि अर्धा तास ठेवलं. त्यानंतर गार पाण्याच्या फडक्याने टिपून घेतलं. पहिल्या खेपेला काहीच फरक वाटला नाही. दुसऱ्या खेपेला कडा फिकट झाल्या. दोन दिवसांत पाच खेपा केल्या, आणि पाचवीनंतर यांना चष्मा लावूनही डाग कुठे होता ते सांगता आलं नाही. मला सांगता येतं. तिथला बदामी थोडा जास्त उजळ झाला आहे, आणि नक्षीतलं एक मरून पान विटकरी झालं, कारण माझा हात चुकला. तेवढ्यासाठी एक गुण कापते, पाचापैकी चार.

नंतर गालिचा बाजेवर उलटा टाकला, खालून पंखा लावला. वरून कोरडा वाटला तरी आतली सुती वीण ओली राहते आणि कुबट वास धरते. संध्याकाळपर्यंत खडखडीत झाला, एवढं मात्र आपल्या उन्हाला मानलं पाहिजे.

धुण्याभांड्याला येणाऱ्या ताईंनी ब्लीच सुचवलं होतं. लोकरीला ब्लीच कधीच नाही, ते धागाच खातं. आणि व्हिनेगर लावलेल्या जागेवर ब्लीच टाकलं तर क्लोरीनचा विषारी वायू सुटतो. बंद खोलीत जिवावर बेतेल, म्हणून हे ठासून सांगते.

धुळ्याच्या नणंदेकडे मशीनचा गालिचा आहे. तिला म्हटलं, मागचा एक धागा काढून चिमट्यात धरून काडी लाव. केस जळल्यासारखा वास आला आणि राख बोटांनी चुरली तर लोकर. वितळून कडक मणी झाला तर प्लास्टिकचा धागा. तिचा मणी झाला. अशा बऱ्याच गालिच्यांत रंग धाग्याच्या आतच असतो, त्यामुळे त्यांना पेरॉक्साइडचं भय कमी. तरी कोपऱ्यात तपासूनच घे, असं तिला बजावलं.

केसांच्या काळ्या डायचा डाग पडला असेल तर मात्र या बाटलीकडून फार आशा ठेवू नका. डबीतला तो डाय बहुतेक वेळा पेरॉक्साइड मिसळूनच काळा होतो. त्याला ओला असतानाच गाठायचं.

उरलेलं मूळ बाटलीतच ठेवलं आहे, कपाटात, अंधारात, कारण उजेडाने त्याचा जोर जातो. पाणी मिसळलेलं मात्र उरवलं नाही. वर्षभराने काढीन तेव्हा आधी कच्च्या बटाट्याच्या फोडीवर थेंब टाकीन. फसफसून फेस आला तर वापरीन, नाहीतर नवी बाटली आणीन.